बायकोची ब्रेस्ट सर्जरी झालीय, हाताच्या व्यायामाबद्दल विचारायचंय

नमस्कार मंडळी,
नाव न टाकता लिहितोय, समजून घ्या. गेल्या मंगळवारी बायकोची डाव्या बाजूची मास्टेक्टमी (स्तन काढायचं ऑपरेशन) झाली, काखेतले लिम्फ नोड्स (लसिकाग्रंथी) पण काढले. दुसऱ्या दिवशी घरी सोडलंसुद्धा, दोन ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) लावून. आई पुण्याहून आलीय, ती हिला पाण्याचा ग्लास उचलू देत नाही आणि डिस्चार्जच्या कागदात तर पहिल्या दिवसापासून हाताचे व्यायाम लिहिलेत. हिला टाके उसवायची भीती, दिवसभर हात पोटाशी धरून बसलेली असते. गुरुवारी सर्जनची अपॉइंटमेंट आहे, तिथे काय काय विचारू?

---

नमस्कार दादा,
माझं २०१९ मध्ये झालं, उजवी बाजू. आधी हाताचंच सांगते, कारण माझं तिथेच चुकलं. माझ्याही घरी सगळ्यांनी मायेपोटी हात हलवू नको हलवू नको केलं आणि दुखायचं म्हणून मलाही ते बरंच वाटलं. मग रेडिएशनच्या प्लॅनिंग स्कॅनला गेले तर तिथे टेबलवर पडून हात डोक्याच्या वर नेऊन तसाच ठेवायचा असतो, माझा कानापर्यंतसुद्धा जाईना. ती टेक्निशियन बिचारी उशा लावून बघत होती, मी रडत होते, शेवटी स्कॅन पुढे ढकलला आणि तीन आठवडे फिजिओथेरपी करावी लागली. व्यायाम पुढच्या ट्रीटमेंटसाठीही लागतो हे मला आधी कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं.

तर आईंना सांगा, जड उचलायचं नाही हे त्यांचं अगदी बरोबर. दुधाचा गॅलन, कणीक तिंबणं, पोळ्या लाटणं सगळं बंद. पण मुठीची उघडझाप, कोपर दुमडणं, त्याच हाताने केस विंचरणं, कागदात लिहिलं असेल तेवढं करायचंच. ड्रेन आहेत तोवर खांद्याच्या वर हात नेऊ नका असं मला सांगितलेलं, तुमच्या सर्जनना विचारून घ्या. ड्रेन निघाले की भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर रोज पेन्सिलने खूण करायचे, पोरांची उंची मोजतो तशी. काही दिवस खूण तिथल्या तिथेच राहते, मग एकदम बोटभर वर सरकते.

ड्रेन सकाळ-संध्याकाळ रिकामे करून दोन्हींचे मिली वेगवेगळे वहीत लिहा, रंगसुद्धा. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली, सलग दोन दिवस, असं झालं की साधारण काढतात, म्हणून गुरुवारी ती वही न्याच. अंघोळीच्या वेळी ते लोंबकळतात आणि ओढ बसते, तेव्हा परकराची नाडी गळ्यात घालून तिला अडकवायचे. वरून डोक्यातून घालायचे कपडे सध्या नकोतच, आईंचे पुढच्या हुकांचे सैल ब्लाउज असतील तर तेच घाला. गाडीत सीटबेल्टखाली छोटी उशी.

पॅथॉलॉजी रिपोर्ट आला असेल तर कॉपी मागा. मार्जिन क्लिअर आहे का (काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही ना), किती नोड्स काढले आणि त्यातल्या किती पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर असलेल्या, ईआर, पीआर (हार्मोनच्या टेस्ट) आणि हर-टू (एका प्रोटीनची टेस्ट) काय आलं, पुढचं सगळं त्यावर ठरतं. लिहून तुम्ही घ्या, तिचं डोकं तिथे चालणार नाही, माझं नव्हतं चाललं. फिजिओचा रेफरल त्याच दिवशी मागा, हाताला सूज यायची वाट बघू नका. इन्शुरन्सवाल्यांनी कटकट केली तर इथे अमेरिकेत १९९८ चा फेडरल कायदा आहे, मास्टेक्टमी कव्हर करणाऱ्या प्लॅनला रीकन्स्ट्रक्शन (स्तन पुन्हा तयार करणं), प्रोस्थेसिस (कृत्रिम स्तन) आणि लिम्फेडिमाची, म्हणजे हाताच्या त्या सुजेची, ट्रीटमेंटही कव्हर करावी लागते.

आणि ताप आला, लाली पसरायला लागली किंवा एका बाजूला अचानक फुगलं तर गुरुवारपर्यंत थांबू नका, रात्र असली तरी फोन करा.

---

ताई, मी स्वतःच लिहितेय, डाव्या हाताने नाही पण लिहितेय. तुमची मेल यांनी आईंना मोठ्याने वाचून दाखवली. चौकटीचं ऐकल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, उठून कंगवा आणला आणि माझ्या डाव्या हातात दिला. अर्धे केस मी विंचरले, मागचे त्यांनी. काल एका ड्रेनला २५ मिली आलं, दुसऱ्याला अजून ६० येतंय. गुरुवारी वही घेऊन जातोय. एक विचारायचं राहिलं, तो व्यायाम दुखायच्या गोळीच्या आधी करायचा का नंतर?

---

नंतर गं, गोळी घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने. आणि गुरुवारी घरी आलीस की मला फोन कर, नंबर वेगळा पाठवलाय.