१९८६ ची सीएनसी लेथ: कंट्रोल बदलावा का, आणि बदलताना स्विचेसचे काय करावे?

शिरोली_जॉबवर्क (प्रश्न)

नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. पंपाच्या बिडाच्या कास्टिंगचे टर्निंग आणि बोरिंग हे आमचे रोजचे काम. २००९ मध्ये आम्ही १९८६ च्या बनावटीची एक वापरलेली जपानी सीएनसी लेथ घेतली. तिरका बेड, आठ स्टेशनचे टरेट (हत्यारे धरणारे फिरते डोके), जॉब पकडणारा २०० मिलिमीटरचा हायड्रॉलिक चक, दोन्ही अक्षांना डीसी सर्व्हो मोटर आणि हिरव्या अक्षरांचा नऊ इंची पडदा असे तिचे रूप आहे. बेड आणि हेडस्टॉक इतके दणकट आहेत की आजच्या हलक्या मशीनवर जो कट घ्यायला ऑपरेटर कचरतो, तो ही लेथ कुरकुर न करता घेते.

अडचण कंट्रोलची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाची, आहे. गेल्या दिवाळीत शॉप आठ दिवस बंद राहिले, मेमरीच्या बॅटऱ्या उतरल्या आणि सगळे पॅरामीटर (मशीनच्या मांडणीचे आकडे) पुसले गेले. पॅनेलच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावरून ते एकेक करून हाताने भरावे लागले. कागदावर तेलाचा डाग पडल्यामुळे दोन आकडे वाचताच येत नव्हते आणि ते चाचपडत शोधण्यात पूर्ण दिवस गेला. अक्षांचे कार्ड दोनदा दुरुस्त करून झाले आहे. शिवाय एक्स अक्ष (व्यास ठरवणारा) पंधरा-वीस दिवसांतून एकदा होमला, म्हणजे मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या जागेला, चुकतो आणि व्यासात नेमका १२ मिलिमीटरचा फरक पडतो. एकदा त्यापायी बोरिंग बार थेट जॉबवर आदळला.

त्यामुळे कंट्रोल, मोटर आणि ड्राइव्ह बदलून टाकावेत असा विचार आहे. रेट्रोफिट (जुन्या मशीनवर नवा कंट्रोल बसवणे) करणाऱ्या एकांचे कोटेशन आमच्या आवाक्याबाहेर गेले, म्हणून लिनक्ससीएनसी हे संगणकावर चालणारे मोफत सॉफ्टवेअर वापरून हे काम घरच्या घरी करावे असे मुलाचे मत आहे. त्याच वेळी जुने प्लंजरचे लिमिट स्विच काढून सर्वत्र प्रॉक्सिमिटी स्विच (धातू जवळ आला की न शिवता चालणारे) लावावेत, आणि वायरिंग कमी होईल म्हणून इमर्जन्सी बटणही सरळ कंट्रोलच्या एका इनपुटवर घ्यावे, असा बेत आहे. यात आमचे कुठे चुकते आहे का?

बॉलस्क्रू_आणि_बेअरिंग

कंट्रोलची चर्चा सुरू करण्यापूर्वी एक सुट्टीचा दिवस काढून मशीनची यांत्रिक तपासणी करून घ्यावी, कारण झिजलेल्या मशीनवर नवा कंट्रोल बसवला तर तीच झीज सुबक रंगीत पडद्यावर पाहायला मिळते, एवढाच फरक पडतो. टरेटला डायल टेकवून अक्ष एका दिशेने थोडा चालवा, डायल शून्यावर आणा आणि मग हँडव्हीलने एकेक टप्पा उलटा फिरवत डायलचा काटा केव्हा हलतो ते पाहा. दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंतचा बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारी ढिलाई) पॅरामीटरने भरून काढता येतो. चाळीस-पन्नास मायक्रॉन निघाला तर तो भरून काढल्याने मापे जुळतात, पण गोलाईवर, जिथे अक्षाची दिशा उलटते तिथे, नखाला लागेल अशी रेघ उमटते.

बॅकलॅश जास्त निघाला तरी लगेच बॉलस्क्रूला (अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूला) दोष देऊ नये. टरेटच्या खालून लाकडी दांडा घालून सॅडल पुढे-मागे रेटावे आणि स्क्रूच्या टोकावर दुसरा डायल ठेवावा. स्क्रूचे टोकच हलत असेल, तर दोष थ्रस्ट बेअरिंगचा आहे आणि ते काम तुलनेने स्वस्तात होते. बिडाच्या कामात आणखी एक गोष्ट हमखास आढळते. बिडाची बारीक भुकटी कूलंटमध्ये कालवून वायपरच्या आत शिरते आणि स्लाइडवेच्या तेलाच्या नळ्या तुंबतात. प्रत्येक नळी सोडवून तेल खरोखर येते आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. पंपाचा दिवा लागतो, एवढ्यावर विसंबू नये.

पॅनेल_ते_पीएलसी

मी गेली सतरा वर्षे मशीनची पॅनेल बांधते. आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा आकडा १२ मिलिमीटर हा आहे. आपल्या एक्स अक्षाच्या स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकणारे अंतर) ६ मिलिमीटर आणि मोटर थेट जोडलेली असावी, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर व्यासात १२ म्हणजे त्रिज्येत ६, म्हणजेच मोटरचा नेमका एक फेरा. होमला जाताना अक्ष आधी डॉगवर (स्विच दाबणाऱ्या ठोकळ्यावर) चढतो आणि वेग कमी होतो. मग स्विच सुटला की एन्कोडरचा (मोटरचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरचा) पुढचा, दर फेऱ्याला एकदा येणारा मार्कर पल्स जिथे मिळतो, ते स्थान होम धरले जाते. स्विच सुटण्याची जागा आणि मार्कर यांची जागा जवळजवळ एकच असली, तर प्लंजर एखाद्या दिवशी तेलाने जरा चिकटून उशिरा सुटतो, तो मार्कर निसटतो आणि कंट्रोल एका फेऱ्यानंतरचा मार्कर पकडतो. हा दोष कंट्रोलचा नाही. कितीही नवा कंट्रोल बसवलात तरी तो तसाच राहील.

डायग्नोस्टिकच्या पानावर त्या स्विचचा बिट दिसतो. अक्ष अगदी सावकाश चालवून बिट कोणत्या स्थानी बदलतो ते टिपा आणि होमपासूनचे अंतर काढा. ते सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा पिच, असायला हवे. शून्याच्या किंवा सहाच्या आसपास आले तर डॉग ३ मिलिमीटर सरकवा. त्यानंतर होमची जागा एका पिचने बदललेली असू शकते, म्हणून टूल ऑफसेट (हत्यारांची मापे) आणि सॉफ्ट लिमिट (कंट्रोलमध्ये भरलेली प्रवासाची मर्यादा) तपासल्याखेरीज जॉब चालवू नका.

आता स्विचेसविषयी. होमच्या स्विचला प्रॉक्सिमिटी लावणे उत्तम. घरच्या घरी काम करणारे बहुतेक जण संगणक आणि मशीन जोडणारे मेसा कंपनीचे ७आय७७ कार्ड घेतात. त्याच्या इनपुटला पीएनपी (चालू झाल्यावर अधिक बाजू जोडणारा) सेन्सर लागतो आणि जुन्या जपानी मशीनवर अनेकदा एनपीएन (ऋण बाजू जोडणारे) असतात, एवढे खरेदीपूर्वी पाहा. मात्र प्रवासाच्या अगदी टोकाचे ओव्हरट्रॅव्हल स्विच यांत्रिकच ठेवा, आणि तेही असे की दाबले असता संपर्क स्प्रिंगच्या भरवशावर न उघडता थेट यांत्रिक जोराने उघडतो. प्रॉक्सिमिटीचा ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला तर 'सर्व ठीक आहे' हाच निरोप तो देत राहतो.

इमर्जन्सी बटण केवळ कंट्रोलच्या इनपुटवर घेण्याचा बेत कृपया सोडून द्या. संगणक अडकला, केबल निसटली किंवा प्रोग्राम गोठला, तेव्हाच त्या बटणाची गरज भासते. बटणाचे दोन एनसी (एरवी जोडलेले, दाबल्यावर उघडणारे) संपर्क सेफ्टी रिलेवर जाऊ द्या. रिलेने ड्राइव्हची ताकद तोडावी आणि कंट्रोलला फक्त खबर मिळावी. आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबण्याचे प्रकार दिले आहेत. प्रकार ० म्हणजे वीज तत्काळ तोडणे आणि प्रकार १ म्हणजे आधी नियंत्रित रीतीने थांबवून मग तोडणे. जड कास्टिंग धरलेल्या स्पिंडलला मी प्रकार १ देते, कारण वीज नुसती तोडली तर चक आपल्याच वजनाने बराच वेळ फिरत राहतो. चकचा व्हॉल्व्ह मात्र वीज गेल्यावर आहे त्याच स्थितीत राहणारा, दुहेरी सोलेनॉइडचा हवा, नाहीतर बटण दाबताच फिरता जॉब सुटेल.

आणि एक विनंती. एकही वायर तोडण्यापूर्वी टरेटचा क्रम कागदावर उतरवून घ्या. मोटर केव्हा सुटते, स्टेशनचा कोड कोणत्या चार बिटांवर येतो, पिन केव्हा पडते, मोटर उलटी फिरून क्लॅम्प झाल्याची खूण कोणत्या सेन्सरकडून मिळते, हे सारे आज चालू मशीनवर पाच मिनिटांत दिसते. पॅनेल रिकामे झाल्यावर तेच शोधण्यात पाच दिवस जातात, हा स्वानुभव आहे. माझ्या मते रेट्रोफिटमध्ये कंट्रोल हा सोपा भाग असतो. अवघड असते ते जुन्या मशीनला जे ठाऊक आहे ते समजून घेणे.

मिरज_सर्व्हो

ताईंशी मी सहमत आहे. मोटरबाबत थोडी भर घालतो. एसी सर्व्हो घेऊन पल्सने चालवणार असाल तर आधी हिशेब करा. झेड (लांबीच्या) अक्षाचा रॅपिड, म्हणजे न कापता धावण्याचा वेग, मिनिटाला १२ मीटर धरला तर सेकंदाला २०० मिलिमीटर होतात, आणि एक मायक्रॉनला एक पल्स या हिशेबाने सेकंदाला दोन लाख पल्स लागतात. संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून हे जमत नाही, पल्स बनवणारे स्वतंत्र कार्डच लागते. डीसी मोटर व ड्राइव्ह चांगले असतील तर पहिल्या टप्प्यात तेच ठेवून ७आय७७ च्या अॅनालॉग आउटपुटवर चालवता येतील. ब्रश मात्र काढून पाहा.

थ्रेडिंग करायचे असेल तर स्पिंडलवरचा एन्कोडर आणि त्याचा दात्यांचा पट्टा जपा. प्रत्येक पासला आटे त्याच कोनातून सुरू होतात ते त्याच्या मार्करमुळे. तो पट्टा एक दाता जरी घसरला तरी आधी कापलेले आटे बिघडतात. जी ९६ (कापण्याचा वेग कायम राखणारा आदेश) वापरताना कमाल फेऱ्यांची मर्यादाही विसरू नका. लिनक्ससीएनसीत ती त्याच ओळीत डी या अक्षराने द्यावी लागते. जुन्या प्रोग्राममधला त्यासाठीचा जी ५० एस हा आदेश तिथे चालत नाही.

दोन_शिफ्ट

वेगळे मत मांडतो. दोन शिफ्टमध्ये जॉबवर्क चालत असेल तर फॅनुक किंवा सीमेन्सचा प्रचलित कंट्रोल घ्यावा, भले वर्षभर थांबावे लागले तरी चालेल. लिनक्ससीएनसी शिकण्याची हौस मालकाच्या मुलाला असते, रात्रपाळीच्या ऑपरेटरला नसते. जी ७१ च्या, म्हणजे रफ टर्निंगच्या आदेशाच्या, ओळी तिथे निराळ्या पद्धतीने लिहाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक जुना प्रोग्राम बदलणे आलेच.

शिरोली_जॉबवर्क

सर्वांचे आभार. ताईंचा अंदाज अचूक निघाला. एक्सचा पिच ६ मिलिमीटरच आहे आणि स्विच सुटण्याचे अंतर अवघे ०.३ मिलिमीटर निघाले. डॉग सरकवून आज दीड महिना झाला, होम एकदाही चुकलेला नाही. एक्सचा बॅकलॅश ३५ मायक्रॉन होता, तो थ्रस्ट बेअरिंग बदलल्यावर १२ वर आला. त्यामुळे कंट्रोलचे काम आम्ही पावसाळ्यानंतर ढकलले आहे. तोवर बॅटऱ्या मशीन चालू ठेवूनच बदलल्या आणि पॅरामीटर दोन वह्यांत उतरवून ठेवले.

टरेटचा क्रम लिहिता लिहिता चकचा व्हॉल्व्हही उघडून पाहिला. आमच्या आधीच्या कुणीतरी दुहेरी सोलेनॉइड काढून तिथे स्प्रिंगने परतणारा व्हॉल्व्ह बसवलेला होता, आणि वीज गेली की स्प्रिंग त्याला चक उघडण्याच्या बाजूला नेत होती. आतापर्यंत अपघात झाला नाही, हे नशीबच म्हणायचे. नवा व्हॉल्व्ह मागवला आहे आणि तो येईपर्यंत मशीन बंद ठेवले आहे.