जीपला पत्रे आणि वाळूच्या गोण्या लावल्या की गेममध्ये तिचा रणगाडा होतो, काय करू?

शिवडी_सोल्जर

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र गेलं दीड वर्ष ऑफिसवरून आल्यावर रात्री बसून एक छोटा वॉर गेम बनवतोय, काळ १९४४ चा, जागा युरोप, आणि खेळाडूच्या हातात रणगाडे नाहीतच, फक्त विलीज जीप, ट्रक, हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे) असल्या हलक्या गाड्या. मला लहानपणापासून त्या जुन्या फोटोंचं वेड आहे ज्यात सैनिकांनी हाताला लागेल ते गाडीला लावलंय, वाळूच्या गोण्या, तुटलेल्या गाड्यांचे पत्रे, लाकडी फळ्या, ते गेममध्ये आणायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

आता प्रॉब्लेम असा की आम्ही सरळ केलंय, एक गोणी लावली की हेल्थ १० ने वाढते, पत्रा लावला की २५ ने. टेस्टिंगला दिलं तर सगळेच्या सगळे पहिल्या पाच मिनिटांत सगळं चिकटवतात आणि जीप घेऊन थेट मशीनगनवर जातात, आणि जिंकतात पण. मग जीपची मजाच गेली. खर्च वाढवून बघितला, स्लॉट कमी करून बघितले, पण काहीतरी खोटं वाटतंय. खऱ्यात हे लोक किती लावायचे, त्याचा फायदा किती व्हायचा आणि तोटा काय? ज्यांना गाड्यांमधलं किंवा इतिहासातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा.

सीएसटीरोड_गॅरेज

भावा गेमचं मला काही कळत नाही, माझा पोरगा खेळतो, पण गाडीचं सांगतो कारण आमचं कुर्ल्याला वीस वर्षं टेम्पोच्या बॉडीचं काम आहे. आमच्याकडे पत्र्याचं वजन असं काढतात, लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले जाडी मिलीमीटरमध्ये, गुणिले ७.८५, आलं किलोमध्ये. म्हणजे ६ मिलीचा एक मीटर बाय एक मीटर पत्रा ४७ किलो. आता तुझ्या जीपला समोर काचेच्या जागी, दोन्ही बाजूंना आणि मागे असा लावला तर मोठा हात न ठेवताही तीन चौरस मीटर होतो, म्हणजे १४०-१४५ किलो गेले. खाली पायाशी वीस-वीस किलोच्या आठ गोण्या टाकल्या तर अजून १६०. झाले तीनशे, आणि माणसं अजून बसलीच नाहीत.

गेल्या वर्षी एकाने छोट्या टेम्पोला हट्टाने आतून चेकर प्लेट मारून घेतली, खाली आणि बाजूला, आम्ही नको म्हणत होतो. चार महिन्यांत परत आला, मागचा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) तुटला होता, मेन पाटाच, मध्ये बोल्टच्या भोकाजवळ, आणि क्लच प्लेट हातात घेतली तर काळी पडलेली, वास येत होता. ब्रेक तर तो स्वतःच म्हणाला की सिग्नलला आधीपासून दाबावा लागतो. तर तुझ्या गेममध्ये गोणी लावली की हेल्थ वाढव हवी तर, पण ब्रेक लांब लागू दे, चढाला गाडी मरू दे, आणि दोन-तीन फेऱ्यांनी पाटा तुटू दे. आणि हो, जाळीसमोर पत्रा लावला तर रेडिएटरला हवा कुठून मिळणार, गाडी तापणारच. हे सगळ्यात आधी टाक.

दादरकर_वाचक

वरच्या दादांनी मुळालाच हात घातलाय. विलीज जीप रिकामी साधारण ११०० किलो, इंजिन ६० हॉर्सपॉवर, आणि तिचं नावच मुळी पाव टनाचा ट्रक, म्हणजे एवढं वजन वाहायची. अमेरिकन टनाचा पाव म्हणजे २२७ किलो. लोक त्याहून जास्त लादायचे हे खरं, पण दादांचा तीनशेचा हिशोब माणसं बसायच्या आधीच त्या पाव टनाच्या वर गेलाय हे बघा.

आणि माझ्या मते तुम्ही प्रश्न थोडा चुकीच्या बाजूने धरलाय. "किती चिलखत" हा नंतरचा प्रश्न, आधी "कशापासून आणि कुठल्या बाजूने" हे विचारा. उदाहरण देतो. ब्रिटिश एसएएस म्हणजे छापे घालणारी खास तुकडी, तिच्या जीप १९४२ ला उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात होत्या तेव्हा त्यांनी गाडीला काही लावलं नाही, उलट काढलं, समोरची काच काढली, रेडिएटरच्या जाळीच्या बऱ्याचशा पट्ट्या कापल्या म्हणजे हवा जास्त मिळेल, आणि वाचलेल्या वजनात पाणी, पेट्रोल आणि विकर्स के मशीनगन. त्यांचं काम म्हणजे रात्री विमानतळावर घुसायचं, उभी विमानं जाळायची, पहाटेच्या आत गायब. तीच एसएएस १९४४-४५ ला युरोपात गेली, झाडं, कुंपणं, गावातली वळणं, कोण कुठून जवळून गोळी घालेल सांगता येत नाही, तर त्याच जीपला समोर पोलादी पत्रा आणि जाड बुलेटप्रूफ काच आली. गाडी तीच, सैनिक तेच, पण लढाईची जागा बदलली. तुमच्या गेममध्ये मॅपप्रमाणे हा निर्णय खेळाडूला घ्यायला लावा ना.

अजून एक, मला स्वतःला सगळ्यात आवडणारा जुगाड चिलखत नाहीच आहे. जीपची काच बोनेटवर पाडून चालवायचे, कारण काच चमकली की लांबून दिसते, आणि जर्मन रस्त्यावर आडवी तार बांधायचे बरोबर मानेच्या उंचीला. तर युनिटच्या वर्कशॉपमध्ये समोरच्या बंपरला एक उभा अँगल वेल्ड करायचे, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, वरचं टोक पुढे वाकवलेलं, तार त्यात अडकली की तुटणार. एक लोखंडी अँगल, वजन नगण्य, आणि चार माणसांच्या माना वाचतात. हेल्थ पॉइंटमध्ये हे बसवून दाखवा बघू. बसत नाही, कारण ते एका विशिष्ट धोक्याला दिलेलं उत्तर आहे. तुमचा प्रत्येक जुगाड असाच असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

भांडुप_गेमर

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. एवढं सगळं टाकलंत तर खेळणार कोण, दिवसभर लोकलमध्ये लटकून घरी आलेला माणूस पाटा तुटला म्हणून मिशन हरला तर गेम डिलीट करेल. मला पण हा विषय आवडतो, पण गेम हा गेम आहे. माझा सल्ला, फक्त दोनच गोष्टी घ्या, दिशा आणि वजन. समोर पत्रा म्हणजे समोरच, मागून आला तर मेलास. आणि वजन वाढलं की गाडी चालवताना हाताला कळलं पाहिजे, आकडा नको दाखवू, स्टिअरिंग जड, वळणावर कलते, बास. बाकी सगळं त्यातूनच येतं.

शिवडी_सोल्जर

भांडुपकर, पटलं, विशेषतः आकडा नको हे. दादा आणि दादरकर सर, तुमचे पण खूप आभार, एसएएसचं वाचून मी तर रात्री झोपलोच नाही. एक विचारायचंय, मग साधा पत्रा गोळी अडवायचा का? आम्ही आत्ता ६ मिली पत्र्यावर रायफलच्या गोळ्या पूर्ण थांबवतोय.

दादरकर_वाचक

नाही, आणि ही चूक बऱ्याच गेममध्ये असते. ६ मिलीचा साधा माइल्ड स्टील पत्रा जवळून मारलेली रायफलची गोळी थांबवत नाही. हाफट्रॅकच्या बाजूचा पत्रा पण सव्वासहा मिलीच होता, पण ते कारखान्यातलं कडक केलेलं चिलखती पोलाद, आणि तरी ते साधी गोळी आणि तोफगोळ्याचे तुकडे एवढ्यासाठीच. जखमी सैनिकाला जे पर्पल हार्ट पदक मिळतं त्यावरूनच सैनिकांनी हाफट्रॅकला 'पर्पल हार्ट बॉक्स' नाव पाडलं होतं, एवढा विश्वास होता. तर साध्या पत्र्याला तुम्ही लांबून उडणारे तुकडे अडवू द्या, लांबची किंवा तिरकी गोळी कधी अडवू द्या, जवळची नको.

ब्रिटिशांनी १९४० ला घाईत बीव्हरेट नावाची गाडी केली होती, स्टँडर्ड कंपनीच्या साध्या मोटारीच्या चासीवर ११ मिली पोलाद आणि त्यामागे ३ इंच जाड ओकच्या फळ्या. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, आणि फटीतून इतकं कमी दिसायचं की ड्रायव्हरला शेजारच्याने सांगायचं, डावीकडे घे, उजवीकडे घे. दिसणं कमी होणं हा तोटा तुमच्या यादीत नाहीये, तो टाका, त्याला काही खर्च पण नाही, फक्त स्क्रीन झाकायची.

सीएसटीरोड_गॅरेज

पोलादाचं बरोबर बोलले. आणि कडक पत्रा मिळाला तरी तो गॅसने कापला आणि वेल्ड मारला की कडेला त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. पाट्याला वेल्डिंग करू नये म्हणतात ते यासाठीच, वेल्डच्या बाजूलाच परत तुटतो. फिल्डवर एवढी काळजी कोण घेणार, रात्रीत काम करून सकाळी गाडी द्यायची. तर जोडाच्या जागा कच्च्या ठेव.

परळची_पूर्वा

उशिरा आले पण गोण्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. आमची सोसायटी हिंदमाताच्या अंगाला, पावसाळ्यात गेटला वाळूच्या गोण्या लावतोच आम्ही. मे महिन्यात लावताना वॉचमनकाका एकटे उचलून ठेवतात, जुलैत तीच गोणी सरकवायची तर दोघं लागतात आणि बोटं आत रुततात, खालून पाणी गळत असतं. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १६०० किलो, पूर्ण भिजली की २००० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा वजन फुकट वाढलं.

हे व्हिएतनाममध्ये अमेरिकनांना नडलं होतं. २ सप्टेंबर १९६७ ला रूट १९ वर, अन खे जवळ, ३७ गाड्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, दहा मिनिटांत तीसच्या वर गाड्या जळल्या किंवा मोडल्या, सात ड्रायव्हर गेले. त्यानंतर ट्रान्सपोर्टवाल्यांनी स्वतःच अडीच टनी ट्रकवर लाकडी फळ्या आणि वाळूच्या गोण्या लावून मशीनगन बसवल्या, दहा ट्रकमागे असा एक. पण पावसात गोण्या पाणी प्यायच्या आणि ट्रक बसायचा, म्हणून मग पोलादी पत्रे आले, आणि ते झेपायला पाच टनी ट्रक घेतला. पुढे पत्र्याच्या दोन भिंती, मध्ये पोकळी, म्हणजे रॉकेट बाहेरच्या भिंतीवर फुटेल. त्यांच्याकडे वरून काही आलंच नव्हतं, ड्रायव्हर आणि मेकॅनिक लोकांनी मार खाऊन शिकून केलंय हे सगळं, म्हणून मला ते इतकं जवळचं वाटतं. माझे बाबा एसटीत मेकॅनिक होते.

तुमच्या गेममध्ये पाऊस आहे ना? मग पाऊस पडला की गोणी जड करा. खेळाडूने स्वतः उतरून गोण्या फेकायच्या की नाही ठरवू दे.

शिवडी_सोल्जर

पूर्वा ताई, हे वाचून आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर एकदम गप्प झालो. पाऊस आहे. कालच टाकलं हे.

रिझल्ट सांगतो. हेल्थचा आकडा पूर्ण काढला. प्रत्येक वस्तूला फक्त जागा, वजन आणि साहित्य. पायाखालच्या गोण्या फक्त सुरुंगाला, आणि त्या पण पाय वाचवतात, गाडी नाही. काल रात्री माझ्या भावाने खेळली, नेहमीप्रमाणे सगळं लावलं, पाऊस सुरू झाला, चिखलातल्या चढावर जीप अर्ध्यावर थांबली, मागून दोन सैनिक आले आणि संपलं. परत सुरू केलं तेव्हा त्याने समोरचा एक पत्रा आणि बंपरवरचा अँगल ठेवला, बाकी सगळं काढलं आणि त्या जागी पेट्रोलचा जास्तीचा डबा घेतला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. मला डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं खरंच.

आता आवाज हवेत. पत्रा कापताना, बोल्ट मारताना, लोड घेतल्यावर पाटे करकरतात तो आवाज, नेटवरचे सगळे खोटे वाटतात. दादा, रविवारी तुमच्या गॅरेजवर रेकॉर्डर घेऊन आलो तर चालेल का?

सीएसटीरोड_गॅरेज

रविवारी बंद असतं. शनिवारी ये, दुपारी चारनंतर, तेव्हा गर्दी कमी असते. एक टेम्पो पाटे बदलायला आलाय, तो आधी लोड टाकून मग खाली करून दोन्ही आवाज देतो तुला. बूट घालून ये, चप्पल नको, खाली ठिणग्या असतात.

दादरकर_वाचक

आणि कधी वेळ काढून नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम बघून या तिघं. रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीवर चढवलेलं चिलखत आहे तिथे. ड्रायव्हरच्या फटीची उंची बघा, त्यावरून तुमची स्क्रीन किती झाकायची ते ठरेल.