आजीच्या यार्टझाइटची तारीख

आउशविट्झ या नाझी छळछावणीतून वाचलेल्या ज्यू आजीची पहिली यार्टझाइट, म्हणजे वार्षिक स्मृतिदिन, कधी पाळायची, असा प्रश्न आहे. मृत्यूची वेळ आधी बघा. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे ७ मार्चच्या रात्री गेली असेल तर ८ मार्चची हिब्रू तारीख धरायची. बहुतेक चुका इथेच होतात. मृत्यू साध्या वर्षातल्या अदार या हिब्रू महिन्यातला असेल, तर अधिक महिन्याच्या वर्षी (तेव्हा अदार दोनदा येतो) अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपीय परंपरेचे ज्यू, बहुधा पहिला अदार धरतात; सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेचे, दुसरा. तेव्हा घरची रीत विचारून घ्या.

स्मृतिदिनासाठी २४ तास चालणारी मेणबत्ती आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी लावा. काच तापून तडकू शकते, म्हणून खाली धातूची ताटली हवी, पडद्यापासून लांब. आदली संध्याकाळ शुक्रवारची असेल तर ही मेणबत्ती शब्बाथच्या (शनिवारच्या साप्ताहिक विश्रामदिनाच्या) दिव्यांच्या आधी लागली पाहिजे. कद्दिशसाठी, म्हणजे मृतांसाठी म्हणायच्या प्रार्थनेसाठी, दहा प्रौढ लागतात (परंपरावादी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, दहा पुरुष), सिनेगॉगला आधी कळवा.

आणि छावणीत मारल्या गेलेल्या तिच्या आईवडिलांची तारीख ठाऊक नसेल, तर तेवेत या हिब्रू महिन्याची १० तारीख धरा. इस्रायलच्या मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) मंडळाने तो दिवस अशांच्याच कद्दिशसाठी ठरवलाय. आजीसोबत त्यांचीही नावं घ्या.