वाक्यदुरुस्तीचे प्रश्न : कानाला बरोबर वाटते तेच नेमके चुकते

मुलुंडचा परीक्षार्थी

नमस्कार. मी यंदा एमबीए प्रवेशासाठी राज्याची सीईटी देणार आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून बी.कॉम. इंग्रजीतून झाले आहे. परीक्षेत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद मिळत असल्यामुळे वाक्यदुरुस्तीचा प्रश्न आला की मी वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून पाहतो आणि जो पर्याय कानाला बरा वाटेल त्यावर खूण करतो. उताऱ्यांवरील प्रश्नांत माझे गुण ठीक असतात, परंतु वाक्यदुरुस्तीत दहापैकी चार-पाचच्या पुढे मजल जात नाही.

कालच्या सराव चाचणीतील वाक्य देवनागरीत देतो : 'द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन दीज मार्केट्स हॅव इम्प्रूव्ह्ड.' मी 'चूक नाही' असे उत्तर दिले. 'हॅव'च्या जागी 'हॅज' हवे, हे उत्तरपत्रिका पाहिल्यावर लगेच कळले, पण सोडवताना ते दिसले नाही. व्याकरण पहिल्यापासून शिकावे की प्रश्नच अधिक सोडवत राहावे? किंग्ज सर्कलच्या पदपथावरून घेतलेले जीमॅट या व्यवस्थापन प्रवेशपरीक्षेचे एक जुने सराव पुस्तक माझ्याकडे आहे. त्याचा उपयोग होईल का?

गिरगावातील निवृत्त शिक्षिका

तुमचा कान वाईट नाही, तो मराठीवर घडलेला आहे, एवढेच. मी अनेक वर्षे अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवले. मराठी जेथे सूट देते आणि इंग्रजी देत नाही, नेमक्या त्याच जागी आपली मुले अडखळतात, असे माझ्या लक्षात आले आहे. म्हणून संपूर्ण व्याकरण पुन्हा शिकण्यापेक्षा या जागा ओळखून ठेवाव्यात.

तुमचेच वाक्य मराठीत म्हणून पाहा : 'या बाजारांत विकल्या जाणाऱ्या आंब्यांचा दर्जा सुधारला आहे.' आपल्याकडे विशेषणांची सारी वरात आधी निघून जाते आणि 'दर्जा' हा कर्ता क्रियापदाला अगदी चिकटून उभा राहतो, त्यामुळे त्याला शोधावे लागत नाही. इंग्रजीत 'क्वालिटी' सुरुवातीला येऊन जाते, तिच्यामागे 'ऑफ' आणि 'इन' यांची शेपटे लागतात आणि क्रियापदाशेजारी 'मार्केट्स' हा तोतया येऊन बसतो. तुमच्या कानाने सवयीने शेजाऱ्यालाच कर्ता मानले. अशा वेळी मराठी भाषांतर करावे आणि क्रियापदाला चिकटलेले नाम कोणते ते पाहावे. मात्र 'त्याने आंबे खाल्ले' अशा भूतकाळी वाक्यात आपले क्रियापद कर्त्याऐवजी कर्माप्रमाणे चालते, हे ध्यानात ठेवून तेथे ही युक्ती वापरू नये.

दुसरी जागा 'जरी-तरी'ची. 'जरी पाऊस होता तरी लोकल वेळेवर आली' हे आपले निर्दोष वाक्य आहे. त्याच्यावर बेतलेले 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द ट्रेन केम ऑन टाइम' हे मात्र चूक आहे, कारण इंग्रजीत या दोन अव्ययांपैकी एकच चालते. 'बिकॉज' आणि 'सो' या जोडीचेही तेच.

तिसरी जागा काळाची. 'मी दहा वर्षांपासून दादरला राहतो' येथे आपण वर्तमानकाळ वापरतो, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन दादर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य कानाला खटकत नाही. शिवाय कार्यालयांतून आणि लोकलच्या डब्यांतून ते इतक्यांदा ऐकू येते की कानाचा नाइलाज होतो. हवे ते असे : 'आय हॅव बीन लिव्हिंग इन दादर फॉर टेन इयर्स.' 'सिन्स'पुढे आरंभाचा क्षण येतो आणि 'फॉर'पुढे कालावधी. मराठीत दोन्ही ठिकाणी 'पासून' चालून जाते, घोळ तेथूनच होतो.

तुलनेतही तसेच होते. 'मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे' असे म्हटल्यावर कोणीही हरकत घेत नाही, परंतु परीक्षक लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच मागतो, म्हणून 'दॅन पुणे' न म्हणता 'दॅन दॅट ऑफ पुणे' म्हणावे लागते.

सर्वांत फसवी जागा 'आयएनजी'ने सुरू होणाऱ्या वाक्यांची. 'मरीन ड्राइव्हवरून चालताना समुद्र शांत वाटला' हे उत्तम मराठी आहे. चालणारा कोण, हे न सांगताही कळते. 'वॉकिंग अलाँग मरीन ड्राइव्ह, द सी लुक्ड काम' या इंग्रजी वाक्यात मात्र समुद्रच फिरायला निघाला असा अर्थ होतो. स्वल्पविरामानंतर लगेच येणारे नाम हेच त्या क्रियेचा कर्ता असले पाहिजे, म्हणून 'वी फाउंड द सी काम' असा शेवट हवा. मी वर्गात सांगत असे की या 'आयएनजी'ला आपला 'ताना' समजू नका, 'ऊन' समजा. 'दार उघडून मांजर पळाले' म्हटले की दार मांजरानेच उघडले असे होते. 'दार उघडताना मांजर पळाले' यात तसे बंधन नाही.

चर्चगेट स्लो

बाईंनी नियम सांगितले आहेत, मी पुस्तक आणि वेळ यांबद्दल लिहितो. जीमॅटची फोकस आवृत्ती नोव्हेंबर २०२३मध्ये आली आणि तिच्यातून वाक्यदुरुस्ती पूर्णपणे वगळली गेली. जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ रोजी बंद झाली. त्यामुळे जीमॅट देणाऱ्याला त्या प्रकरणाचा आज उपयोग नाही, पण तुम्हाला आहे. त्यात वाक्याचा काही भाग अधोरेखित असतो, पाच पर्याय असतात आणि पहिला पर्याय नेहमी मूळ मजकूरच असतो. तो पुन्हा वाचू नये, हा शोध मला फार उशिरा लागला. ते प्रश्न सीईटीच्या मानाने लांबलचक असल्यामुळे त्यांना घड्याळ लावू नका.

सोडवताना पाचही पर्याय अथपासून इतिपर्यंत वाचत बसू नका. ते एकमेकांपासून कोठे वेगळे होतात तेवढे पाहा. तिघांत 'हॅज' आणि दोघांत 'हॅव' असेल, तर प्रश्न कर्त्याचा आहे हे परीक्षकानेच सांगितले असे समजा. कर्ता शोधला की दोन-तीन पर्याय एका फटक्यात गळतात. उरलेल्यांत कोणता पर्याय मूळ अर्थ बदलतो ते पाहावे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे मिनिटभरात न सुटलेल्या प्रश्नावरही खूण करूनच पुढे जावे.

व्याकरणवेडा, ठाणे

बाईंच्या 'ऊन'च्या नियमाला एक दुरुस्ती सुचवतो. 'पाऊस पडून रस्त्यांवर पाणी साचले' या वाक्यात पडला पाऊस आणि साचले पाणी, तरीही वाक्य शुद्ध आहे. म्हणजे आपोआप घडणाऱ्या क्रिया असतील तर 'ऊन'लाही कर्त्याची सूट मिळते.

गिरगावातील निवृत्त शिक्षिका

आपला आक्षेप मान्य आहे. हेतुपुरस्सर केलेल्या क्रियांपुरताच हा नियम धरावा. पावसाचा स्वतंत्र कर्ता इंग्रजीत ठेवायचाच असेल, तर तो नामासकट लिहावा लागतो : 'द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट.' नुसते 'हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट' म्हटले तर थांबलो आम्हीच.

मुलुंडचा परीक्षार्थी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मागील सहा सराव चाचण्या काढून चुकलेली वाक्ये वहीत उतरवली. एकूण एकतीस निघाली आणि त्यांतील एकोणीस बाईंनी सांगितलेल्या पाच जागांपैकी कोठे ना कोठे बसली. एकट्या 'सिन्स'नेच सहा गुण नेले होते. उरलेल्या बारांपैकी एक अजूनही समजलेले नाही : 'शी इज वन ऑफ द स्टुडंट्स हू हॅज क्लिअर्ड द टेस्ट.' कर्ता 'शी' एकवचनी असताना 'हॅज' चूक कसे?

गिरगावातील निवृत्त शिक्षिका

मराठी भाषांतराचीच युक्ती लावा. 'परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ती एक आहे.' उत्तीर्ण 'झालेल्या' कोण? विद्यार्थी. 'हू' हे 'स्टुडंट्स'कडे बोट दाखवते, म्हणून 'हॅव'. 'शी'चे क्रियापद 'इज' आहे आणि ते आधीच बरोबर लागलेले आहे. याच वाक्यात 'वन'च्या आधी 'द ओन्ली' आले, तर मात्र उत्तीर्ण झालेली ती एकटीच उरते आणि 'हॅज' हेच बरोबर ठरते.