न्यूमोनिया टिपिकल की एटिपिकल, बेडसाइडला कसं ओळखायचं?

मेडिसिन_निवासी
पुस्तकातल्या तक्त्यात टिपिकलच्या रकान्यात हुडहुडी, गंजाच्या रंगाचा बेडका, एक्स-रेत एका लोबमध्ये (फुप्फुसाच्या एका भागात) पॅच म्हणजे पांढरी सावली. एटिपिकलच्या रकान्यात कोरडा खोकला, अंगदुखी, दोन्हीकडे पसरट सावल्या. वॉर्डात बऱ्याच पेशंटमध्ये दोन्ही रकाने मिसळलेले असतात. एक्स-रेवरून जंतू सांगता येतो का? नसेल तर पहिला डोस कशाच्या भरवशावर द्यायचा?

छातीविकार
एक्स-रेवरून जंतू ओळखायच्या फंदात पडू नका. पॅच आहे का, किती पसरलाय, फुप्फुसाभोवती पाणी झालंय का, एवढंच तो सांगतो. बाकीचं हिस्टरीत.

आधी कुठे झाला ते बघा. अ‍ॅडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झाला तर हॉस्पिटलमधला. तिथे स्यूडोमोनास, एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ) वगैरे हट्टी जंतू धरून चालावं लागतं, मायकोप्लाझ्मा हा एटिपिकल जंतू मागे पडतो.

घरून आलेल्याला किती दिवसांपासून त्रास आहे ते विचारा. सकाळी ठणठणीत, रात्री थंडी वाजून ताप आणि श्वास घेताना एका बाजूला कळ, तर न्यूमोकोकस, म्हणजे टिपिकल न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू. तरुण माणूस, आठवडाभर कोरडा खोकला, घरात आणखी कुणाला तसंच, स्टेथोस्कोपने फारसं काही ऐकू येत नाही पण एक्स-रे वाईट, तर मायकोप्लाझ्मा. त्याला सेल वॉलच (पेशीभिंत) नसते आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन तिच्यावरच काम करतं, म्हणून ते वाया जातं. फ्लू उतरत असताना ताप पुन्हा उसळला आणि एक्स-रेत पोकळ्या दिसल्या, तर स्टॅफ (स्टॅफिलोकोकस). जुलाब, बरळणं आणि घसरलेलं सोडियम एकत्र आलं की लिजिओनेला, हाही एटिपिकल जंतू. त्याची लघवीची अँटिजेन टेस्ट मुख्यतः सेरोग्रुप १ हा त्याचा एकच उपप्रकार पकडते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी शंका सोडू नका.

हे सगळे अंदाजच, बरं का. म्हातारा पेशंट न्यूमोकोकस असूनही ताप न येता नुसता गोंधळलेला येतो.

सूक्ष्मजीव_लॅब
थुंकीबद्दल एक. बेडक्याऐवजी लाळ आली तर कल्चरमध्ये तोंडातले जंतू उगवतात आणि त्यांच्यावर उपचार सुरू होतात. लो पॉवरखाली एका फील्डमध्ये स्क्वेमस पेशी (तोंडाच्या अस्तरातल्या) १० पेक्षा कमी आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) २५ पेक्षा जास्त, तरच नमुना कामाचा. चूळ भरायला लावा, खोल खोकून काढायला सांगा, शक्यतो अँटिबायोटिकआधी घ्या आणि दोन तासांच्या आत पोचवा. न्यूमोकोकस वाटेतच मरतो. पेशंट गंभीर असेल तर मात्र बेडक्यासाठी डोस थांबवू नका.

मेडिसिन_निवासी
आणि पहिला डोस?

छातीविकार
तो तीव्रतेवर ठरतो. गोंधळ, रक्तातलं युरिया लिटरला ७ मिलिमोलच्या वर, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, वरचं बीपी ९० पेक्षा कमी किंवा खालचं ६० किंवा त्याहून कमी, वय ६५ किंवा अधिक; प्रत्येकाचा एक गुण. दोन झाले की अ‍ॅडमिशनचा विचार, तीन म्हणजे गंभीर. वॉर्डात बीटा-लॅक्टमबरोबर (पेनिसिलिन गटातलं औषध) मॅक्रोलाइड (अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं) दिलं की दोन्ही रकाने झाकले जातात. मॅक्रोलाइडने ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबू शकतं, म्हणून त्याआधी ते बघा.

श्वसन_ओपीडी
लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक उगाच हाताशी ठेवू नका. दोन आठवड्यांहून जुना खोकला, वजन उतरलेलं, वरच्या लोबमध्ये सावली असा टीबी त्याने तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं. एक्स-रे जवळजवळ स्वच्छ आणि धाप मात्र खूप, तर पेशंटला चालवून सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघा. घसरलं तर न्यूमोसिस्टिस (प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना होणारा बुरशीचा न्यूमोनिया) मनात ठेवून एचआयव्ही तपासा. ७२ तासांत ताप हलला नाही तर अँटिबायोटिक बदलण्याआधी सोनोग्राफी करून एम्पायमा (फुप्फुसाभोवती पू) नाही ना, ते बघा.