मदत हवी आहे: पणजोबा कुतच्या वेढ्यात होते का? ओवीवरून शोध कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आजी आता ९१ वर्षांची आहे. परवा शेंगा फोडता फोडता तिने एक ओवी म्हटली:

परमुलखी कोंडियला, दाणा सरला कोठारी
घोडं वाढिलं पानात, बाळ सारितो माघारी

"ही माझ्या सासूच्या सासूची ववी, तिचा ल्योक लढाईला गेल्ता," एवढंच ती सांगते. तो ल्योक म्हणजे माझे पणजोबा. ते परत आले, पण लढाईबद्दल घरात कधी बोलले नाहीत.

मला वाटायचं, घोड्याचं काहीतरी रूपक असेल. मग वाचलं. इराकमधल्या कुत गावात ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत इंग्रजांच्या फौजेला तुर्कांचा वेढा होता. धान्य संपत आलं तेव्हा घोडी कापली, पण धर्म बुडेल म्हणून बऱ्याच हिंदी शिपायांनी अगदी एप्रिलपर्यंत ते मांस खाल्लं नाही. हे वाचल्यावर ओवी पुन्हा म्हणून बघितली आणि अंगावर काटा आला.

घरात तांदळाच्या डब्यात, लाल फडक्यात बांधलेलं एक चांदीचं पदक आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा. कडेवरची इंग्रजी अक्षरं झिजलीत. पातळ कागद धरून पेन्सिल घासली तेव्हा '११०' आणि 'मराठा' एवढं उमटलं. ११० वी मराठा पलटण कुतमध्ये होतीच. पण पलटणीतले सगळेच आत अडकले असतील असं नाही, आजारी-जखमी आधीच मागे पाठवलेले असणार.

माझे प्रश्न:
युद्धकैद्यांच्या याद्यांत हिंदी शिपायाचं नाव कसं शोधायचं? ते जिवंत परतल्यामुळे युद्धस्मारकांच्या याद्यांचा उपयोग नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, तिथे अर्ज कसा करायचा? आणि मुख्य म्हणजे, ओवीला पुरावा मानायचं का? जात्यावरची ओवी सासरी-माहेरी फिरते. ती आमच्याच घरची, हे कशावरून?

प्रतिसाद: मलप्रभाकाठ
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा. ग्रामीण महाराष्ट्रातून गोळा केलेल्या लाखावर ओव्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर येत आहेत, तिथे घोडं आणि कोंडणं शोधा. सातारा-रत्नागिरीकडे हीच ओळ सापडली तर ती फिरती. नाही सापडली तरी लगेच 'आमचीच' म्हणू नका, भावकीतल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. कैद्यांसाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसचं पहिल्या महायुद्धाचं दफ्तर ऑनलाइन आहे. नावाची इंग्रजी स्पेलिंगं चार-पाच तऱ्हेने टाकून बघा. आणि बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, तेव्हा पेन्शनचे कागद बेंगळुरूपेक्षा मुंबईच्या पुराभिलेखागारात आधी विचारा. पदक मात्र घासूनपुसून चकाकवू नका, उरलेली अक्षरंही जातील.

धागाकर्ता
मनापासून आभार. पदक पुन्हा फडक्यात बांधून ठेवलं. काल आजीला 'आणखी काय होतं त्यात?' विचारलं, तर म्हणाली, जातं हातात असल्याबिगर आठवत नाही. माळ्यावरचं जातं उद्या खाली काढतोय, मोबाईलवर रेकॉर्ड करून इथे टाकतो.