मदत हवी आहे: गॅस प्लांटमध्ये बुटांखालच्या खिळ्यांची ठिणगी

नमस्कार मंडळी. मी कॅनडात, अल्बर्टामध्ये, नैसर्गिक वायूच्या प्लांटवर काम करतो. हिवाळ्यात आवारात बर्फाची नुसती काच होते. सेफ्टी बुटांवर खिळे लावलेले रबरी पट्टे चढवल्याशिवाय चालताच येत नाही. अडचण खिळ्यांची आहे. आमच्याकडचे पोलादी किंवा टंगस्टन कार्बाइडचे. काँक्रीटवर पाय घासला की अंधारात कधीकधी ठिणगी दिसते, आणि तसेच सगळे कॉम्प्रेसर शेडमध्ये शिरतात.

मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूतला मुख्य घटक, हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटू शकतो, त्याला सुमारे ०.३ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. नैसर्गिक वायूत कधीकधी मिसळलेल्या विषारी हायड्रोजन सल्फाइडला त्याहूनही कमी. घासून उडालेली प्रत्येक ठिणगी वायू पेटवतेच असं नाही, मान्य. पण गंजलेलं लोखंड ॲल्युमिनियमवर आपटलं तर ठिणगी फार तापते, आणि आमच्या शिड्या नेमक्या ॲल्युमिनियमच्या!

पितळ घासल्यावर सहसा ठिणगी उडत नाही, म्हणून विचारतो: पितळी खिळ्यांचे पट्टे कोणी वापरलेत का? पितळ मऊ, मग एक हिवाळा तरी टिकतात का?

दुसरं म्हणजे, बूट अँटिस्टॅटिक आहेत. मध्ये रबर आलं की अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत जाणार कसा? पट्टे चढवून कोणी रेझिस्टन्स मोजलाय?

सुपरवायझर म्हणतो, "दाराशी काढा." उणे तीसमध्ये, जाड हातमोजे घालून, एका पायावर उभं राहून त्यानेच काढून दाखवावेत. निदान बसायला बाक तरी द्या!

नॉर्वेत किंवा इथल्याच तेलक्षेत्रात असणाऱ्यांनी तुमच्या साइटवरचा नियम जरूर कळवा.